लावू का फ्रिज?

धाकट्याच्या घरातला फ्रिज चालू असला की शेजाऱ्यांनाही कळायचं. आधी एक हिसका, मग थंडीनं दात वाजावेत तशी खडखड, आणि मग जी घरघर सुरू व्हायची ती थांबेल तर शपथ. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत ओटा, फ्रिज आणि आईची कॉट. बाहेरच्या खोलीत धाकटा, त्याची गिटार, एक मायक्रोफोन आणि लॅपटॉप. या बाहेरच्या खोलीला तो मोठ्या तोऱ्यात स्टुडिओ म्हणायचा. खिडकीला जुनी गादी टेकवलेली, दारावर दोन जाड रजया खिळ्यांनी ठोकलेल्या. एवढा बंदोबस्त करूनही फ्रिज दाद देत नसे. त्याची घरघर गाण्यात उतरायचीच.

म्हणून गाणं रेकॉर्ड करायचं असलं की फ्रिज बंद. आणि बंद केलेला फ्रिज आठवणीनं परत लावायचा, नाहीतर दूध नासलं, भाजी गेली, बर्फाचं पाणी ओट्याखाली. धाकट्याच्या डोक्यात गाणं असलं की दुसरं काही शिरत नसे, त्यामुळे हे खातं आईकडे. ती बटण बंद करायची, कॉटवर बसायची आणि गाणं संपेपर्यंत हलायची नाही. शिंक आली तरी उशीत तोंड खुपसायची. शेवटच्या तारेचा आवाज विरला की सपाता ओढत दारापाशी यायची आणि विचारायची, "झालं? लावू का फ्रिज?"

धाकट्यानं आयुष्याची उमेदीची वर्षं एका हॉटेलात गाण्यात घालवली होती. लोक जेवायचे, हा गायचा. एखाद्या गाण्यावर जीव ओतावा आणि समोरच्यानं वेटरला बोलावण्यासाठी टिचकी वाजवावी, असा सगळा मामला. मधे एका कंपनीनं त्याची गाणी घेतली. बोट ठेवून दाखवत कागदांवर सह्या करून घेतल्या आणि पुढे हिशेब विचारला की कंपनीचे साहेब कायम मीटिंगमध्ये. तेव्हा ताईनं, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीनं, त्याला इंटरनेटवर स्वतःचं पान उघडून दिलं. ज्याला गाणी आवडतील त्यानं दर महिन्याला जमेल तेवढे पैसे थेट धाकट्याला पाठवायचे. धाकट्यानं दर महिन्याला एक नवं गाणं सगळ्यांत आधी त्यांना पाठवायचं. कंपनी नाही, दलाल नाही, मधे कुणी नाही.

आईनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वर्गणीच की."

तेव्हापासून ते ऐकणारे घरात वर्गणीदार झाले. सुरुवातीला होती ताई, ताईची एक मैत्रीण आणि कुठल्याशा गावचे एक निवृत्त बसड्रायव्हर. या ड्रायव्हरकाकांचं आईला भारी कौतुक. न बघितलेल्या माणसाच्या मुलाला कुणी आपणहून पैसे पाठवतं, ही गोष्ट तिला वर्षभर पचली नव्हती. "अरे, त्यांना पैसे पोचल्याचं कळवलंस का?" असं ती दर महिन्याला विचारायची.

एका महिन्यात गडबडीत धाकट्यानं गाण्याचा शेवट आईच्या प्रश्नाआधी कापायचा तो प्रश्नानंतर कापला. गाणं तसंच वर्गणीदारांकडे गेलं, आईच्या शेपटासकट. चूक लक्षात आली तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. पण तोवर निरोपांचा पाऊस सुरू झाला होता. "आईंना म्हणावं, लावा आता, दूध नासेल!" "गाणं छान, पण शेवटचं कडवं सगळ्यांत छान." ड्रायव्हरकाकांनी लिहिलं होतं, "आयुष्यभर स्टँडवर परक्यांचे आवाज ऐकले. आज कुणाच्या तरी घरात बसल्यासारखं वाटलं."

मग धाकट्यानं आईचा प्रश्न कापणं सोडूनच दिलं. दर गाण्याच्या शेवटी आई यायची, विचारायची, आणि तिच्या शब्दापाशी गाणं संपायचं. वर्गणीदार वाढत गेले. श्रीमंती आली नाही, पण घराचं भाडं निघू लागलं आणि हॉटेल सुटलं. आई वरवर खेकसायची, "मला कशाला घुसडतोस त्यात!" पण रेकॉर्डिंगच्या दिवशी ती केस विंचरून बसते, हे धाकट्यानं पाहिलं होतं. आवाजाला केस कशाला विंचरायचे, असं विचारून त्यानं तिची एकदा फिरकीही घेतली होती.

आई लाँड्रीत कामाला होती, हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करून करून तिचे खांदे कामातून गेले होते. धाकटा रेकॉर्डिंग झाल्यावर तासन्‌तास हेडफोन घालून बसायचा. खुर्चीची करकर, बाहेरचा हॉर्न, ओठांची मचमच असं सगळं एकेक शोधून पुसून टाकायचा. त्याला तो गाणं धुणं म्हणायचा. आई म्हणायची, "मी चादरी धुतल्या, तू गाणी धू. घराण्याचा धंदा सोडू नकोस."

ती गेली ती अचानक. सकाळी ओट्यापाशी उभी होती, ती तशीच खाली बसली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "बरेच दिवस दम लागत असेल ना यांना?"

"नाही हो. तसं काहीच नव्हतं," धाकटा म्हणाला. ताई दुसऱ्या गावी होती, तिलाही काही माहीत नव्हतं. दोन दिवसांत सगळं आटोपलं.

महिना संपत आला तसं गाणं द्यायचं राहिलं होतं. धाकट्यानं फ्रिज बंद केला, गायला, आणि शेवटची तार विरल्यावर सवयीनं थांबला. कुणी आलं नाही. तो थांबूनच राहिला. संध्याकाळी त्यानं ते गाणं धुवायला घेतलं, शेवटाला आला, आणि ती रिकामी जागा त्याला सहन होईना. जुन्या गाण्यातला आईचा आवाज त्यानं उचलला आणि तिथं चिकटवला. चांगला खणखणीत होता, दोन वर्षांपूर्वीचा. फक्त या महिन्यापुरतं, असं त्यानं स्वतःला बजावलं. पुढच्या महिन्यात सांगू सगळ्यांना.

पुढच्या महिन्यातही जीभ रेटली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईंना नमस्कार सांगा, असे निरोप येत राहिले आणि तो "सांगतो" म्हणत राहिला. त्याला वर्गणी तुटायची भीती होती, हे खोटं नाही. लोक गाण्यासाठी येतात की त्या एका वाक्यासाठी, हे त्याला स्वतःलाच कळेनासं झालं होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आई गेली हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्याकडे ती अजून होती. तेवढी एकच जागा उरली होती. मधे कुणी नसलं की पैसा थेट येतो, पण खोटंही तसंच थेट जातं, हे त्याला कळत होतं पण वळत नव्हतं.

घरात मात्र सोंग चालत नव्हतं. दर गाण्यानंतर फ्रिज बंदच राहायचा आणि दूध नासायचं. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. बाहेर पडताना किल्ल्या लागणारच, म्हणजे फ्रिज आठवणारच. युक्ती नामी होती, फक्त धाकटा दोन-दोन दिवस बाहेरच पडायचा नाही.

पाचव्या महिन्यात ताई न कळवता आली. आली ती थेट आत गेली आणि पाणी घ्यायला तिनं फ्रिज उघडला. नासक्या दुधाचा भपकारा आला. वरच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या जुडीशेजारी किल्ल्या होत्या.

"हे काय आहे?"

धाकट्यानं सांगितलं. ताई हसली नाही. तिनं बटण लावलं, फ्रिजनं हिसका दिला, आणि ती आईच्या कॉटवर बसली.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. म्हणाली, "परवा दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले होते. आमच्या गावी मुलीकडे राहायला आलेत. फ्रेमचा स्क्रू बसवत होते मी. ते म्हणाले, बसल्या बसल्या एक गाणं ऐकवतो तुम्हाला, आमचा एक पोरगा आहे गाणारा, त्याला आम्ही सांभाळतो. मी मनात म्हटलं, बघू कुठला पोरगा. त्यांनी फोनवर गाणं लावलं. आई गेल्यापासून तुझं एकही गाणं उघडलं नव्हतं मी. गाणं या महिन्याचं होतं, धाकट्या. आणि शेवटी आई बोलली."

धाकटा दारावरची रजई उगाच नीट करू लागला.

"हातातला स्क्रू पडला माझ्या. ते गृहस्थ काय म्हणतायत, तर या माउलीला आम्ही सगळे वर्गणीदार मिळून आवाज न करणारा फ्रिज घेऊन देतोय. एवढ्या वयात सारखं उठायला लागतं बिचारीला." ताईचा आवाज चढला. "ते तुझे ड्रायव्हरकाका होते! मी त्यांना सांगू शकले नाही की तिला पुरून उरेल एवढी विश्रांती मिळालीये. जन्मभर इस्त्री केली तिनं. मेल्यावर तरी सोड की रे! अजून कामाला लावलंयस तिला!"

फ्रिजची गोष्ट धाकट्याला माहीत होती. काकांचा निरोप येऊन आठवडा झाला होता. येत्या रविवारी दुपारी धाकट्यानं सगळ्यांसमोर थेट गायचं. असं तो पूर्वी करायचा, आईचा प्रश्न झाला की लगेच कॅमेरा बंद करायचा; आई गेल्यापासून घशाचं निमित्त सांगून टाळत होता. आणि त्या दिवशी फ्रिजचा रंग आईंनी निवडायचा. "एकदा तरी त्यांचा चेहरा बघू द्या," असं काकांनी लिहिलं होतं. धाकट्यानं त्यावर 'हो' म्हटलं नव्हतं आणि 'नाही'ही म्हटलं नव्हतं.

"मला तिचा आवाज ऐकावासा वाटतो, ताई," तो म्हणाला.

"मग ऐक. तुला कोण नको म्हणतंय?" ताई थोडी शांत झाली. "मी येताना गाडीत बसून सगळी गाणी ऐकली. पहिल्यापासून. दर वेळी ती विचारते, झालं का, लावू का. आणि तू एकदाही उत्तर देत नाहीस. एकाही गाण्यात नाही. एवढी वर्षं ती तिथं उभी राहून विचारतेय."

"गाणं तिथं कापतो मी. उत्तर द्यायचो ना मी. द्यायचो."

"असेल," ताई म्हणाली आणि दुधाचं पातेलं घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी ताई बाजारात गेली तेव्हा धाकट्यानं जुनी, न धुतलेली रेकॉर्डिंगं उघडली. त्याला त्याचं उत्तर शोधायचं होतं. एक जरी सापडलं असतं तरी ताईच्या तोंडावर टाकता आलं असतं. पहिलं लावलं. आई म्हणाली, "झालं? लावू का फ्रिज?" पुढे शांतता. मग सपातांचा आवाज, मग बटणाचा खटका. दुसरं लावलं, तसंच. मग त्याला आठवलं. शेवटची तार विरली की तो डोळे मिटून, हेडफोन कानावर दाबून, मनातल्या मनात चुका मोजत असायचा. आई विचारायची आणि तो नुसता हात वर करायचा. तो हात दिसेपर्यंत ती दारात उभी राहायची.

तो ऐकत गेला. आणि शेवटच्या वर्षात येऊन त्याचा हात लॅपटॉपवर तसाच थबकला.

आई विचारत होती, पण विचारण्याआधी श्वास होता. कॉटपासून दारापर्यंत चार पावलं, आणि ती धापा टाकत होती. पुढच्या महिन्यात जास्त. त्याच्या पुढच्या महिन्यात "झालं" आणि "लावू" यांच्यामध्ये तिला थांबावं लागत होतं. दारात उभी राहून, रजईला धरून, ती दम खात होती आणि त्याच्या हाताची वाट बघत होती. हे सगळं त्याच्या कानांत होतं, त्या वेळीसुद्धा. चांगले महागाचे हेडफोन होते, वर्गणीच्या पैशातून घेतलेले. त्यानं ते ऐकलं होतं आणि खुर्चीची करकर पुसावी तसं पुसलं होतं. दर महिन्याला, नेमानं, त्यानं आईचा दम धुऊन काढला होता आणि तिचा आवाज स्वच्छ करून लोकांना दिला होता.

"तसं काहीच नव्हतं," असं तो डॉक्टरांना म्हणाला होता.

ताई परत आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता. त्यानं हेडफोन तिच्याकडे दिले. तिनं ऐकलं. एकदाच ऐकलं. मग ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि दोघं खूप रडली. आई गेली त्या दिवशी माणसांच्या गर्दीत जे रडायचं राहिलं होतं ते सगळं त्या दिवशी निघालं.

"तुझी चूक नाही, असं मी म्हणणार नाही," डोळे पुसत ताई म्हणाली. "माझीही आहे. फोनवर ती मला म्हणायची, जिना चढून आलेय गं, म्हणून दम लागलाय. तळमजल्यावर राहतो आपण."

रविवारी दुपारी धाकट्यानं दाढी केली. ताईनं विचारलं, "सांगणार आहेस?" तो म्हणाला, "बघतो." त्यानं फ्रिज बंद केला. किल्ल्या आत ठेवायला हात पुढे गेला, पण मग त्या त्यानं खिशातच टाकल्या. ताई कॉटवर बसली, पाय वर घेऊन, अगदी चुपचाप.

कॅमेरा लावला तसे वर्गणीदार येऊ लागले. पडद्याच्या कडेला निरोप सरकत होते. "आई कुठायत?" "आधी गाणं, मग रंग." ड्रायव्हरकाकांनी लिहिलं, "निळा चांगला दिसेल. पण त्यांच्या मनाप्रमाणे होऊ दे." लॅपटॉपवर आईचा तो दोन वर्षांपूर्वीचा आवाज तयार होता. एक कळ दाबली की ती बोलली असती. आत झोपल्यात, जरा बरं नाही, एवढं म्हटलं असतं की आणखी महिना निघाला असता. मग कदाचित आणखी एक.

त्यानं गाणं म्हटलं. लहानपणी आई इस्त्री करताना जे काहीतरी गुणगुणायची, त्यावरून बांधलेलं होतं, शब्द थोडेच. ते चांगलं झालं का वाईट, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्यांदाच तो चुका मोजत नव्हता. शेवटची तार छेडली. ती विरत गेली.

पडद्यावरचे निरोप थांबले. सगळे थांबले होते, कशासाठी ते त्याला माहीत होतं. त्याचं बोट त्या कळीपाशी होतं. आत कॉटवर ताईनं श्वास धरला होता.

धाकट्यानं हेडफोन काढून ठेवले.

"झालं, आई," तो म्हणाला. "तू बस. मी लावतो."

तो उठला. सपातांचा आवाज झाला. त्याच्या पायात आईच्याच सपाता होत्या, पण ते कुणाला दिसलं नाही. रजई बाजूला झाली. बटण वाजलं. फ्रिजनं हिसका दिला, दात वाजवले आणि घरघर सुरू झाली. इतकी वर्षं ज्या फ्रिजबद्दल वर्गणीदार ऐकत होते, त्याचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. गाणं नेहमी त्याच्या अलीकडेच संपायचं.

धाकटा येऊन खुर्चीत बसला आणि त्या घरघरीतच त्यानं सगळं सांगितलं. आई कधी गेली ते. चिकटवलेल्या आवाजाचं. पुसलेल्या श्वासाचंही सांगितलं, ते सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं. फ्रिजचे पैसे ज्याचे त्याला परत करा, असं त्यानं काकांना सांगितलं. ज्यांना फसवल्यासारखं वाटतं त्यांना तसं वाटणं बरोबर आहे, म्हणाला. मी फसवलंच आहे.

काही जण तिथल्या तिथे निघून गेले. त्यांची नावं कडेला एकेक करून विझताना त्याला दिसत होती. एकानं लिहिलं, "आईच्या नावावर पैसे घेतलेस. लाज वाटायला हवी." धाकट्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "वाटते." बाकीचे नुसते बसून होते. कुणी काही लिहीना. फ्रिज तेवढा चालू होता.

बऱ्याच वेळानं ड्रायव्हरकाकांचा निरोप आला. "असा आवाज आहे होय त्याचा," एवढंच त्यांनी लिहिलं होतं. मग आणखी एक आला. "थोडा वेळ चालू दे तसाच. आम्ही बसलोय."

तसे ते बसून राहिले. कुणी कुठल्या गावात, कुणी कुठल्या खोलीत, आणि मधे तो खडखडता जुना फ्रिज.

आत ताईनं चहाला आधण ठेवलं. फ्रिज उघडून तिनं सकाळी आणलेलं दूध काढलं, सवयीनं नाकाशी नेलं आणि हुंगलं.

"चांगलं आहे," ती आतून म्हणाली.